आमची वाटचाल : बिलाची तारीख आणि फुगलेली रिपॉझिटरी

दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर, एवढ्या एका कामावर आमची कंपनी कोल्हापुरात उभी राहिली. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रक, दहा दिवसांचं बिल. कोड पहिल्यापासून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात. संस्थांना दिलेले इन्स्टॉलरही तिथेच. गावात इंटरनेटचा भरवसा नसायचा, पेनड्राइव्हवर घेऊन जायला ते हाताशी लागत.

संस्था वाढल्या, माणसं वाढली, तशी रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास असलेलं गिटचं भांडार, फुगली. बिलाच्या तारखेला सचिवांचा फोन, ‘साहेब, बिल निघंना झालंय’, आणि घरून काम करणाऱ्या मुलाचं क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत उतरवून घेणं) अजून अर्ध्यावर! नव्या सर्व्हरचं कोटेशनही आलं होतं. म्हटलं, आधी दुखणं कळू दे.

‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -v’ चालवलं तेव्हा सुट्या ऑब्जेक्टपेक्षा (गिट साठवतं त्या एकेका तुकड्यापेक्षा) पॅकफाइलचाच, म्हणजे असे तुकडे एकत्र बांधलेल्या फाइलचाच आकार डोळ्यांत भरला. ‘गिट जीसी’ या साफसफाईच्या कमांडने सुटे ऑब्जेक्ट पॅकमध्ये गेले, कमिट-ग्राफ (कमिट म्हणजे नोंदवलेल्या बदलांची सूची) लिहिल्यावर लॉग, म्हणजे बदलांची यादी, झटपट दिसू लागला, आकार मात्र जेमतेम उतरला. कारण सरळ आहे. गिट एकसारख्या फाइलींमधला फक्त फरक साठवून जागा वाचवतं. इन्स्टॉलर आधीच कॉम्प्रेस केलेला. आतली एक ओळ बदलली तरी बाहेरून तो पार वेगळा दिसतो. शिवाय फाइल डिलीट केली तरी इतिहासात राहतेच, आणि जीसी इतिहासाला हात लावत नाही.

मग ‘रेव्ह-लिस्ट’ या गिटच्या कमांडचं आउटपुट ‘कॅट-फाइल’ या दुसऱ्या कमांडला देऊन इतिहासातल्या फाइलींची आकारानुसार यादी काढली. वरचे सगळे इन्स्टॉलरच. ते वेगळ्या डिस्कवर हलवले, रिपॉझिटरीची मिरर (जशीच्या तशी) प्रत काढली आणि इतिहास नव्याने लिहिणाऱ्या ‘गिट फिल्टर-रेपो’ने १० एमबीवरच्या फाइली इतिहासातून काढून टाकल्या. यात कमिटचे हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतात आणि जुन्या प्रती नव्याशी जुळत नाहीत. म्हणून बिलं निघून गेल्यावरचा रविवार धरला, सगळ्यांना आधी काम पुश करायला (सर्व्हरवर चढवायला) लावलं, नंतर जुनी क्लोन पुसून नवी घ्यायला लावली. एकाने जरी जुन्या क्लोनमधला इतिहास नव्यात मर्ज करून (मिसळून) पुश केलं असतं, तर सगळा गाळ परत आला असता.

लार्ज फाइल स्टोरेजचा (मोठ्या फाइली गिटच्या इतिहासाबाहेर ठेवायच्या सोयीचा) सल्ला बऱ्याच जणांनी दिला. माझ्या मते टॅगवरून (कोडच्या ठरावीक आवृत्तीला दिलेल्या नावावरून) पुन्हा बनवता येणारी वस्तू गिटमध्ये ठेवायचीच कशाला?

आता प्रत्येक मशीनवर ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’ने आपोआप देखभाल चालू आहे. दर तासाला प्रीफेच होतं, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आधीच उतरून राहतात, त्यामुळे पुलला (ते आपल्या कोडमध्ये घ्यायला) फार थांबावं लागत नाही. सर्व्हर जुनाच चालू आहे. कोटेशनचे पैसे फिल्डवरच्या मुलांच्या लॅपटॉपला लावले.