तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यापीठात आमचा निभाव लागेल का?

जूनमध्ये हा प्रश्न सुरू होतो आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत येतच राहतो. विचारणारी पोरं आजऱ्याची, राधानगरीची, गारगोटीची, शिरोळकडची असतात. पदवीपर्यंत सगळं मराठीत झालेलं, घरात विद्यापीठाची पायरी चढणारं हेच पहिलं. आधी म्हणतात, "बी.ए.ला मार्क चांगले होते." मग आवाज उतरतो, "इंग्रजी कच्चं आहे." आणि चहाचा कप खाली ठेवताना खरा प्रश्न बाहेर येतो, "मॅडम, आमचा निभाव लागेल का?" सोबत वडील असले तर ते पुढची चौकशी करतात, "एखादा क्लास लावू का?" मी इथे कोल्हापुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे माझ्याकडे काहीतरी गुरुकिल्ली असणार असा यांचा समज.

निभाव लागेल. पण "आत्मविश्वास आला की अभ्यासाला लागतो" असं जे ही मुलं धरून चालतात, ते काही मला पटत नाही.

आधी हिशेब बघू, कारण तो कुणी सांगतच नाही. हल्लीच्या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे ३० तास, आणि त्यातली वर्गातली व्याख्यानं साधारण १५ तासांची. म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरसाठी तुम्ही ६० तास वर्गात बसलात, तर तेवढेच तास वर्गाबाहेर तुमच्या अंगावर आहेत. पंधरा आठवड्यांच्या सत्रात २० क्रेडिट धरली तर आठवड्याला वर्गाबाहेरचे २० तास, रोजचे तीन. शाळेत हा दुसरा अर्धा भाग शिक्षक, गृहपाठ आणि आईचा धाक मिळून भरून काढत होते. विद्यापीठात अभ्यासक्रमाच्या कागदावर घटकांची नावं आणि त्याखाली आठ-दहा संदर्भग्रंथांची यादी असते, बाकी सगळं तुमच्यावर. पोरं बिचकतात ती इथे. बुद्धी कमी पडली असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे रोजचे तीन तास नक्की काय करायचं हे कुणी दाखवलेलं नसतं.

मग ती काय करतात? वाचतात. पुन्हा वाचतात. हिरव्या-गुलाबी पेनांनी ओळी रंगवतात आणि पुन्हा वाचतात. "मॅडम, मी रोज वाचतोय की! पण पेपरात काय आठवतच न्हाई," असं परवा एक मुलगी अगदी रडवेली होऊन सांगत होती. ती खोटं बोलत नव्हती. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं झालं म्हणजे आलं, असं मन समजून बसतं. खासबागेत वर बसून कुस्ती बघणाऱ्या प्रत्येकाला डाव कळतोच की!

यावर एक प्रयोग आहे, तो मी सगळ्यांना सांगते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे वाचायला दिले. मग एक पुन्हा वाचायला लावला, आणि दुसरा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचण्याची सरशी झाली, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र पालटलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्केच आठवलं, लिहून काढलेलं ५६ टक्के. याहून बोलकी गोष्ट त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आहे. तिथे नुसतं वाचत राहिलेल्या गटाला आठवड्यानंतरही आपल्याला भरपूर आठवेल अशी जास्त खात्री होती, आणि नेमका तोच गट सगळ्यात मागे पडला.

म्हणून पोरगं "माझा अभ्यास झालाय" म्हणालं की मी विचारते, कशावरून? परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकणारा आणि प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पळून जाणारा विश्वास हा असा वाचून वाचून आलेला असतो. कोरा कागद भरताना येतो तो वेगळा. तो सुरुवातीला अपमानासारखा वाटतो, कारण कागद अर्धा रिकामाच राहतो.

उदाहरण माझ्याच विषयातलं देते. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते, हा घटक घ्या. पुस्तकात व्याख्या असते, सूत्र असतं, पाच प्रकार आणि पाच आकृत्या. प्रकरण एकदा नीट वाचा, मग पुस्तक मिटा आणि वहीवर स्वतःला प्रश्न घाला. मार्केट यार्डात गुळाचा दर १० टक्क्यांनी चढला आणि खप २० टक्क्यांनी उतरला तर लवचिकता किती? मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल, म्हणजे चिन्ह सोडलं तर दोन. इतपत बहुतेकांना जमतं. पुढचा प्रश्न, मीठ १० टक्क्यांनी महागलं तर खप असाच उतरेल का? नाही. का नाही? इथे पेन थांबतं. गुळाला साखरेचा पर्याय आहे, मिठाला नाही, आणि मिठावरचा खर्च घरखर्चात इतका किरकोळ की कुणी चिमूटभर कमी घालत नाही, म्हणून त्याची मागणी ताठर, हे पुस्तकात होतं. चार वेळा वाचताना डोळ्यांखालून गेलंही होतं. पण ते आपल्याला आलेलं नाही हे कळलं पेन थांबल्यावर. आता पुस्तक उघडायचं आणि तेवढाच परिच्छेद वाचायचा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, मग आठवड्यानं. रंगीत पेनांचे पैसे वाचतात.

"आम्हाला वेळच नसतो, जाऊन-येऊन एसटी आहे," ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. राधानगरीहून किंवा गारगोटीहून रोज ये-जा करणाऱ्याचे दिवसाचे दोन-तीन तास गाडीत जातात, वर सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, विद्यापीठापर्यंत केएमटीच्या शहर बसची वाट बघणं आलंच. पण मी सांगते तो अभ्यास एसटीत होतो. गर्दीत उभं राहून पुस्तक वाचता येत नाही, बसायला मिळालं तरी घाटवळणावर मळमळतं. आठवायला मात्र पुस्तक लागत नाही. काल वर्गात काय झालं, ते तीन मुद्दे कुठले, दुसरा पहिल्यातून कसा निघाला, हे खिडकीबाहेर बघत मनात मांडायचं. अडलं तिथे मोबाइलवर एक शब्द लिहून ठेवायचा. विद्यापीठात उतरेपर्यंत आज वर्गात काय विचारायचं आहे ते हातात असतं. मोबाइलचा माझ्या मते एवढाच उपयोग पुरे, पण ते कोण ऐकतंय!

आता इंग्रजी. याची भीती वाजवीपेक्षा फार मोठी करून ठेवली आहे. पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी कादंबरीच्या इंग्रजीहून सोपं असतं, कारण त्यात तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या प्रकरणाला घाम फुटतो, चौथ्यापर्यंत बरेचसे शब्द ओळखीचे होतात. प्रत्येक शब्दावर अडून कोश उघडू नका. पानावर तीनदा आलेला शब्दच तेवढा बघा. आधी शीर्षकं, उपशीर्षकं, आकृत्या, पहिला आणि शेवटचा परिच्छेद एवढं चाळा, त्यावरून स्वतःचे चार प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं शोधायला म्हणून प्रकरण वाचा. फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९४६ मध्ये ही रीत बांधून दिली आणि ती अजून टिकून आहे. संकल्पना मराठीत समजून घेण्यात कमीपणा मानू नका. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, अर्थशास्त्राचाही आहे. मराठी विश्वकोशातली नोंद आधी वाचली तर इंग्रजी प्रकरण निम्मं सोपं होतं. समाजशास्त्रांच्या बऱ्याच विषयांत उत्तरं मराठीत लिहायची मुभाही असते. तुमच्या विषयात आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विभागात जाऊन विचारा, वर्गमित्राला नको.

आणि ग्रंथालयात जा. अभ्यासिका वेगळी आणि ग्रंथालय वेगळं. आपल्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या, पाण्याची बाटली ठेवून खुर्ची धरायची आणि आपलंच एक गाइड दिवसभर वाचायचं. शांतता मिळते, पण दुसरं पुस्तक हाताला लागत नाही. शिवाजी विद्यापीठाचं बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही सात वर्षं आधीपासून. एकाच घटकावर दोन लेखक काय म्हणतात हे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांचं पटत नसेल तर आणखी बरं. पदवीपर्यंत तुम्हाला एकच उत्तर बरोबर असतं असं शिकवलेलं असतं, आणि विद्यापीठातली निम्मी घाबरगुंडी त्यातूनच येते.

आत्मविश्वासाबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचं आहे. आपल्याकडे तो शब्दांनी द्यायची पद्धत आहे. निकालाच्या दिवशी मामा फोन करतो, "तू करशील गं, घाबरू नगंस!" अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं की "हे मला जमेल" ही भावना चार वाटांनी येते. स्वतः करून पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, झोप, थकवा. यात सगळ्यात भक्कम पहिली. मामाचा फोन तिसरीत मोडतो. तो यावा, पण त्यावर सत्र निघत नाही.

दुसरी वाट कोल्हापूरला पुस्तक न वाचता ठाऊक होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातली काही आजही डोळ्यांसमोर दिसतात. आपण त्यांच्याबद्दल बोलतो ते राहण्या-जेवण्याची सोय म्हणून. मला त्यातली दुसरी सोय मोठी वाटते. खेड्यातून आलेल्या पोराला शेजारच्या खाटेवर त्याच्याच बोलीचा, त्याच्यासारख्याच घरातला, एक वर्ष पुढचा मुलगा दिवा लावून बसलेला दिसत असणार. असा माणूस दिसणं हे शंभर प्रेरणादायी भाषणांच्या तोडीचं आहे. व्यासपीठावरच्या आयएएस अधिकाऱ्याकडे बघून पोरांना वाटतं, हा वेगळाच माणूस. एक वर्ष पुढच्या, दोनदा पेपर राहिलेल्या आणि तिसऱ्यांदा काढलेल्या चंदगडच्या पोरीकडे बघून वाटतं, हे तर मलाही होईल.

तेव्हा वर्गातल्या टॉपरच्या मागे लागू नका. पुढच्या वर्षातली तुमच्या बाजूची, तुमच्याच शाळेसारख्या शाळेतून आलेली एक व्यक्ती शोधा. तिला "अभ्यास कसा करू" असं मोघम विचारू नका. तिची वही मागा आणि तपासून आलेला एक अंतर्गत परीक्षेचा पेपर बघा. कुठे किती मार्क कापले आणि का, हे बघितलं की विद्यापीठाला नक्की काय हवं आहे ते कळतं.

मग पहिली वाट. वर्गात हात वर करणं ही अवघड गोष्ट आहे, मला ठाऊक आहे. सगळ्यांसमोर बोलणं जमत नसेल तर तास संपल्यावर सरांना गाठा, पण प्रश्न वहीत लिहून न्या. "मला काहीच कळलं नाही" यावर कुठल्याही शिक्षकाला उत्तर देता येत नाही. "मिठाची मागणी ताठर का, हे कळलं, पण पेट्रोलचं कसं लावायचं?" यावर तो दहा मिनिटं बोलेल आणि तुमचं नाव लक्षात ठेवेल. दोन-तीन वेळा असं झालं की वर्गातला हात आपोआप वर जातो. सेमिनार असेल तर आदल्या दिवशी खोलीतल्या मैत्रिणीला, ती वेगळ्या विषयाची असली तर उत्तमच, सगळं समजावून सांगा. गटानं अभ्यास करायचा तर तिघांनी. पाचवा आला की गप्पा मिसळीवर जातात आणि कट पातळ की तर्रीदार यावर तास संपतो.

झोपेबद्दल सांगत नाही, तुम्हाला कळतं. वेळापत्रकं रंगवून भिंतीला लावू नका, एवढंच.

राहिला वडिलांचा प्रश्न, क्लासचा. बहुतेकांच्या मनात असतो तो इंग्रजी बोलण्याचा क्लास. तो लावण्याआधी तिथे जाऊन एकच विचारा, आठवड्यात माझी मुलगी स्वतः किती मिनिटं बोलेल? चाळीस जणांच्या वर्गात एक सर तासभर बोलत असतील, तर इंग्रजी सरांचं सुधारेल. उत्तर गोलमोल आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. त्या पैशात परिभाषा कोश येतो, कोऱ्या कागदांचा एक रीम येतो, आणि उरलेले पोरीच्या मेसला भरा.