अस्तंब्याच्या वाटेवर चौदा जण

2022 च्या दिवाळीत आम्ही शाळेतील सहकारी पहिल्यांदा रात्रीच्या वाटेने अस्तंब्याला गेलो, आणि त्या रात्री आमच्या हातून घडलेली चूक मी अजून विसरू शकलेलो नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा डोंगर 1325 मीटर उंच आहे. आम्ही भूगोलाचे शिक्षक हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण खानदेशातील माणसाला हा डोंगर माहीत असतो तो अश्वत्थाम्यामुळे. कपाळावरचा मणी काढून घेतल्यानंतर राहिलेली भळभळती जखम घेऊन तो याच डोंगररांगांत भटकतो, जखमेवर लावण्यासाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला रस्ता दाखवतो, अशी येथील श्रद्धा आहे. दिवाळीत, विशेषतः धनत्रयोदशीच्या सुमारास, महाराष्ट्राबरोबरच गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक ध्वज घेऊन येतात व रात्रभर डोंगर चढतात. तळोद्याकडून जाणाऱ्यांच्या तोंडी असली, नकट्यादेव, भीमकुंड अशी टप्प्यांची नावे असतात आणि पुढचा टप्पा किती दूर आहे, हे विचारले की प्रत्येक जण ‘आलंच आता’ असेच उत्तर देतो.

त्या पहिल्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा आमच्यातील चार तरुण शिक्षक भराभर पुढे गेले, मधले आपल्या गप्पांत चालत राहिले आणि गणिताच्या मॅडम, ज्यांचे वय तेव्हा त्रेपन्न होते व ज्यांच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे आम्हा सर्वांना ठाऊक होते, त्या प्रयोगशाळा सहायकासह मागे राहिल्या. एका फाट्यावर त्यांच्या टॉर्चची बॅटरी संपली. कोणत्या वाटेने जावे, हे न कळल्यामुळे ते दोघे तेथेच दगडावर बसून राहिले. आमच्या लक्षात येऊन दोघे जण परत उतरेपर्यंत चाळीस मिनिटे गेली होती. एवढा वेळ एक आदिवासी कुटुंब, म्हातारी आजी आणि कडेवरच्या लेकरासह, स्वतःची चाल थांबवून त्यांच्याजवळ बसले होते. त्या आजींनी आपल्या अंगावरची गोधडी मॅडमच्या पायांवर टाकली होती. मॅडम आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. सुट्टी संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्या नेहमीसारख्या वह्या तपासत बसल्या, आणि मला मात्र त्यांच्यासमोर चहाचा कप उचलणे जड गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा विषय निघाला तेव्हा मॅडमनी नकार दिला. “तुम्ही जा सर, माझ्यामुळे खोळंबा नको,” असे त्या म्हणाल्या. आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो आणि जे वयाच्या पंधराव्या वर्षापासून ही यात्रा करत आले आहेत, ते दारात उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही पुढे चाला. आम्ही तुमना मांगेच शेतस.” म्हणजे आम्ही तुमच्या मागेच आहोत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला रांगेच्या सुरुवातीला ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलाने चालायचे, एवढीच त्यांची रीत होती. ऐकायला ती फार साधी वाटते, परंतु रात्रीच्या चढावर ती पाळणे किती कठीण असते, हे मी स्वतः अनुभवले.

10 नोव्हेंबर 2023 रोजी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आम्ही चौदा जण क्रूझरने निघालो. गाडी जेथे थांबली तेथेच कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा असे जेवण उरकले व साडेनऊच्या सुमारास चालायला लागलो. पुढे मॅडम, त्यांच्या मागे मी, शेवटी नाना. पहिल्या तासाभरात आमच्या तरुण मंडळींची अक्षरशः घालमेल झाली. पाय पुढे धावू पाहतात आणि समोर एक माणूस बांबूची काठी टेकवत, श्वास सांभाळत, एकेक पाऊल टाकत असतो. मलाही दोनदा वाटले, की बाजूने पुढे निघून जावे. मग माझे लक्ष त्या काठीकडे गेले. टॉर्चच्या पिवळसर वर्तुळात काठीचे टोक आधी मुरमात चाचपडत असे, सुटा खडा बाजूला सरकवत असे, आणि मगच त्यांचा पाय तेथे पडत असे. कार्तिकाच्या उंबरठ्यावर गवत वाळलेले, त्याखाली गोल सुटे खडे. अशा उतरणीच्या कडेला पाय घसरला की माणूस सरळ खाली जातो. त्या काठीने तपासलेल्या जागेवर पाय ठेवत मागचे तेरा जण चालत होते आणि चौदांपैकी एकही जण त्या रात्री घसरला नाही.

प्रत्येक थांब्यावर मोजणी होत असे. मॅडम ‘एक’ म्हणत, मग अंधारातून दोन, तीन, चार असे आवाज येत येत शेवटी नानांचा भरदार ‘चौदा’ ऐकू आला की मगच गूळ-शेंगदाण्यांची पिशवी हातोहात फिरे. त्रयोदशीची रात्र असल्यामुळे चंद्र नव्हता. सागाची मोठी पाने वरून आभाळ झाकत आणि मोकळ्या जागेत आलो की मृग नक्षत्र लख्ख दिसे. पहाटे पूर्वेला शुक्र बराच वर आला होता आणि पाचच्या सुमारास त्याच्या पुष्कळ खाली चंद्राची बारीक कोर उगवली. गणिताच्या मॅडमनी मागे न वळता मला विचारले, “सर, अमावास्या परवा का तेरवा?” मी परवा, 13 तारखेला, असे सांगितले. वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी पंधरा मिनिटे बोललो असतो. तेथे दम पुरत नव्हता.

वेळेचेही सांगायला हवे, कारण तरुण सहकाऱ्यांचा मुख्य आक्षेप तोच होता. आदल्या वर्षी शोधाशोध, वाट पाहणे आणि पुन्हा सर्वांना गोळा करणे यांत बराच वेळ गेला होता; त्या वर्षीपेक्षा या वेळी आम्ही अर्धा तास आधी माथ्यावर पोहोचलो.

माथ्यावर गर्दी होती, ध्वज फडफडत होते, वारा बोचरा होता. उजाडल्यावर दक्षिणेला तापीच्या खोऱ्याची धूसर सपाटी आणि उत्तरेला नर्मदेकडे पसरत गेलेल्या डोंगरांच्या रांगा दिसल्या. मॅडमनी पिशवीतून तिळाच्या तेलाची छोटी बाटली काढली. गुडघ्यासाठी म्हणून त्यांनी ती आणली होती. अर्धे तेल त्यांनी तेथील दगडावर अश्वत्थाम्यासाठी वाहिले आणि उरलेले, पदराआड बसून, गुडघ्यावर चोळले.

उतरताना गाडीचा विषय मात्र मी आग्रहाने धरला होता. रात्रभर चालून आलेली माणसे झोपेने पेंगत मिळेल त्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसतात आणि घाटाच्या वळणांवरून निघतात. 2025 च्या दिवाळीत चांदसैली घाटात यात्रेकरूंचे असेच एक वाहन दरीत कोसळून अनेकांचे प्राण गेले, ती बातमी वाचताना माझे हात थरथरले. आमच्या क्रूझरचा चालक रात्रभर गाडीतच झोपला होता, कारण त्याने डोंगर चढायचा नाही, हे आम्ही भाड्याबरोबरच ठरवले होते. गाडीत बसण्यापूर्वी त्याने स्वतःच मोजणी सुरू केली. मॅडमच्या ‘एक’पासून नानांच्या ‘चौदा’पर्यंत आवाज पूर्ण झाल्यावरच त्याने किल्ली फिरवली.