सा हलतोय

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत काकांचा स्टुडिओ आहे. अभंग, भावगीतं, कीर्तनं रेकॉर्ड करण्यात त्यांची हयात गेली. मोठा मिक्सर जाऊन कॉम्प्युटर आल्यापासून त्यांची एकच तक्रार: "माउसनं एका वेळी एकच ट्रॅक धरता येतो रे. मला गळा आणि पखवाज एकदम दोन बोटांखाली हवेत." म्हणून ८ मोटराइज्ड फेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या आणि मोटरनं आपोआपही सरकणाऱ्या दांड्यांचा, कंट्रोलर घेतला. तो रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायला शनिवारी मी गेलो.

मॅकी कंट्रोल मोड, म्हणजे कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर यांची बोलायची ठरलेली पद्धत, लावला, रीपरमध्ये मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातले संदेश) इनपुट आणि आउटपुट दोन्ही निवडले. आउटपुट विसरलं तर हातानं आवाज बदलतो, पण मोटर ढिम्म. इथे सगळे फेडर सर्रकन आपापल्या जागी गेले. झालं, असं मला वाटलं.

काकांनी एक अभंग लावला. तानपुरा सॉफ्टवेअरमधला, काळी एकचा. डोळे मिटून त्यांनी पहिला फेडर, म्हणजे गळ्याचा, वर नेला आणि थांबले.

"सा हलतोय."

मी स्क्रीनकडे पाहत होतो. मीटर ठीक, सगळं ठीक.

"हलतोय म्हणतो ना! हे बघ." त्यांनी फेडर सावकाश टोकापर्यंत नेला. तानपुरा सरकत सरकत थेट काळी दोनला पोचला. माझ्या अंगावर काटा आला.

साध्या मिडी कंट्रोल मेसेजला १२८ पायऱ्या असतात. फेडरला त्या अपुऱ्या. आवाज हळूच उतरवताना पायरी कानाला लागते. म्हणून मॅकी कंट्रोलमध्ये फेडरची जागा पिच बेंडच्या, म्हणजे एरवी वाद्याचा सूर वर-खाली सरकवणाऱ्या, मेसेजमधून जाते, त्यात १६,३८४ पायऱ्या मावतात. मी तोच पोर्ट वाद्यांच्या इनपुटसाठीही चालू ठेवला होता, आणि तानपुऱ्याचा ट्रॅक सगळे मिडी इनपुट ऐकत आर्म (रेकॉर्डिंगला सज्ज) होऊन बसलेला. गळ्याचा फेडर त्याच्या लेखी मींड होती. वाद्यांसाठी तो पोर्ट बंद केला, सा जागेवर आला. काका बराच वेळ नुसता तानपुरा ऐकत बसले.

मग निघाली हाताची अडचण. फेडर खालून नखानं ढकलायची काकांची जुनी सवय. फेडरच्या टोपीला कातडीचा स्पर्श कळतो, नखाचा नाही. त्यामुळे हात आहे हे रीपरला समजेना आणि मोटर फेडर उलटा ओढू लागली. "काका, पेर टेकवा." दोन-तीनदा चुकले, मग बसलं.

ऑटोमेशन टच मोडवर टाकून, म्हणजे बोट टेकलेलं असताना फेडरची हालचाल नोंदली जाईल असं करून, त्यांनी अभंग सलग केला. अंतऱ्यात गळा तार षड्जाला भिडतो तिथे एका बोटानं गळा किंचित खाली, दुसऱ्यानं पखवाज वर. एका दमात, दोन्ही हालचाली मिळून.

परत लावलं तेव्हा काकांनी हात मांडीवर ठेवले होते. अंतरा आला, समोरचे दोन फेडर तसेच हलले. सम येण्याआधी पखवाजाचा फेडर कणभर थांबला, अगदी काका थांबतात तसा.

"हा माझाच हात आहे," ते हळूच म्हणाले, आणि पुन्हा लावायला सांगितलं.