आक्का चालत आली तो सोमवार

मी बेळगावात डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या निकामी झालेल्यांना मशीनला जोडायचं, चार तास मशीनकडं आणि माणसाकडं लक्ष ठेवायचं, बीपी पडलं की पाय वर करून सलाईन सोडायचं, हे रोजचं काम. पेशंट खानापूर, चंदगड, निपाणी, पार गोकाकपासनं येतात. कोण मराठी, कोण कानडी, आत आले की सगळे एकाच रांगेत झोपतात.

जुलैतल्या एका सोमवारचं सांगायचंय. जांबोटीच्या पलीकडं कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, मलप्रभा उगम पावते तोच भाग, एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथल्या एका वाडीतली आक्का आमच्याकडं सोमवार-गुरुवार येते. खरं तर आठवड्यातनं तीनदा व्हायला पाहिजे, पण एवढ्या लांबनं दोनदा येणं हेच खूप, आणि तेपण 2023 ला शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली म्हणून जमतंय असं तीच सांगते.

त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला तिचा बेड रिकामा. फोन लागेना. गुरुवार ते सोमवार हा मोठा गॅप, त्यात रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हार्ट कधी थांबेल नेम नसतो, पाणी साठून फुफ्फुसात शिरलं तर माणूस बसल्या जागी गुदमरतो. हे सगळं माहीत असल्यामुळं माझं कशात लक्ष लागेना, डॉक्टरांना सांगून दुपारच्या शिफ्टला एक मशीन तिच्यासाठी धरून ठेवली.

साडेअकराला आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, आणि फिस्टुलाचा हात, म्हणजे मशीनच्या सुया टोचतात तो, तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली कोरडा ठेवलेला. नाल्यावरच्या पुलावर पाणी आलं म्हणून बस गावात आलीच नव्हती. मग ही वरच्या जंगलातल्या वाटेनं चालत सुटली, पुढं एक टेम्पो मिळाला, जांबोटीतनं बस.

"आक्का, किती चाललासा?"

"सात-आठ किलोमीटर असंल की. मोजत कोण बसलंय? तू मशीन लाव आधी."

मनगटाच्या वर जिथं शीर आणि धमनी जोडलेली असते तिथं मी बोट ठेवून बघितलं, मांजर गुरगुरतं तशी थरथर चांगली लागत होती. वजन दीड किलोच वाढलेलं, चार दिवसांत! बाकीच्यांचं तीन-चार किलो सहज वाढतं. ती दिवसाचं पाणी सकाळी एका तांब्यात मोजून ठेवते आणि झोपेपर्यंत तेवढ्यावरच राहते.

मग मी तिचा मागच्या आठवड्यातला रिपोर्ट काढला. हिमोग्लोबिन 7.8. माझं 15 आहे. म्हणजे तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहायची ताकद माझ्या जेमतेम निम्मी, आणि तेवढ्यावर ही बाई पावसात चढउतार करत आलेली, घरी जायचं तर परत तेच.

हे हिमोग्लोबिन का पडतं ते सांगतो. किडनी नुसती घाण गाळत नाही, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन बनवते, त्याच्या सांगण्यावरनं हाडातला मगज लाल पेशी तयार करतो. किडनी गेली की हेपण गेलं, मग ते इंजेक्शननं बाहेरनं द्यावं लागतं. हेच ते ईपीओ, जे सायकल रेसवाले दम वाढवायला चोरून घेत होते, लान्स आर्मस्ट्राँगनं 2013 ला टीव्हीवर कबूल केलं तेच. तिकडं जिंकायला घेतलं, इकडं आमच्या पेशंटना जिना चढायला लागतं. आणि कितीजणांचं या इंजेक्शनच्या पैशांपाशीच अडतं, हे मी रोज बघतो.

चार तासात साठ-सत्तर लिटर रक्त मशीनमधनं फिरतं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त बारा-चौदा वेळा बाहेर जाऊन परत येतं, नंतर माणूस पार गळून जातो. मी विचारलं, आक्का, एवढ्या पावसात जीव धोक्यात घालून कशाला आलासा, गावात कुणाच्या गाडीची वाट बघायची होती. ती म्हणाली, "आणि वाट बघण्यात गुरुवार दिसलाच नसता तर? पोरगी दहावीला आहे माझी."

यावर मला काय बोलायला सुचलं नाही.

आमच्या नोटीस बोर्डावर तेव्हा एक कागद लागलेला होता, डायलिसिसवाल्यांच्या इंजेक्शनसाठी हाफ मॅरेथॉन, धावणाऱ्यानं ओळखीच्यांकडनं किलोमीटरमागं पैसे जमा करायचे. येता-जाता बघायचो. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर नाव दिलं, 21 किलोमीटरलाच दिलं, पाच-दहाचं काय मनाला पटेना. शाळा सुटल्यापासनं पळालो नव्हतो.

आता ड्युटीच्या आधी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत झाडाखाली पळतो, सुरवातीला दोन मिनिटं पळायचं एक मिनिट चालायचं असं करत करत वाढवलं, रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ. चढाला छाती भरून येते तेव्हा मला आकडा आठवतो, 7.8, आणि पाय चालू राहतात. लांब पळायला गेलो की बाटलीतनं लिटरभर पाणी पितो, तो आक्काचा अख्ख्या दिवसाचा कोटा, हे प्रत्येक वेळी डोक्यात येतंच.

आक्काला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "चप्पल बरी आहे का पायातली?" शूज दाखवले, हात लावून बघितले तिनं.

एका दात्यानं तिच्या इंजेक्शनचा खर्च उचललाय, परवाच्या रिपोर्टला हिमोग्लोबिन 9.4 आलं. पण तिच्या शिफ्टमध्येच अजून तिघं आठच्या खाली आहेत. रेस पाऊस संपल्यावर आहे. किलोमीटरला दहा रुपये असा माझा हिशोब आहे, कुणी जास्त देतंय, कुणी पाच, डॉक्टरांनी शंभर लिहिलेत. ज्यांना द्यायचेत त्यांनी आत्ता नुसतं नाव सांगा, पैसे मी 21 पूर्ण केल्यावरच घेणार.