गोव्यात ‘भात नको’ म्हणून बघा

गोव्याला निघाले तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी भाकीत केलं होतं की माझं लो कार्ब डाएट मडगाव स्टेशनावरच संपणार. पाव, बेबिंक (थराथरांचा गोड पदार्थ) आणि बिअर या तिघांची भीती घातली होती. या तिघांनी काही त्रास दिला नाही. छळलं ते प्रेमळ माणसांनी.

माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.२ आहे. ६.५ झालं की डायबेटिस, म्हणजे मी उंबरठ्यावर. म्हणून भात, पोळी, साखर बंद. घरी निभतं.

हॉटेलचा नाश्ता भाड्यात धरलेला होता. पोहे, उपमा, पुरी-भाजी, इडली, वर डब्यातला गोड ज्यूस. अंडी मात्र नऊ वाजता संपायची. एवढं भाडं घेणाऱ्यांची अंडी संपतात कशी, हे मला अजून कळलेलं नाही. मंगेशी, जुनं गोवं, पाळोळे झालं. गर्दी होती.

खरी गंमत पणजीतल्या एका खाणावळीत. मधे भाताचा डोंगर, भोवती हुमण म्हणजे माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी, अशी थाळी. मी म्हटलं, ‘भात नको, आणि बांगडा रवा न लावता तळून द्या.’

‘मग पाव देऊ?’

‘पाव पण नको.’

‘चपाती?’

वेटर आत गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई डोकावून मला बघून गेल्या. बांगडा आला तो मात्र अफलातून. रवा नसल्यामुळे साल तव्याला चिकटून थोडी फाटली होती, चिरेतून लालभडक रेशाद मसाला बाहेर आलेला, व्हिनेगरचा आंबटपणा नाकात जाणारा. रवा लावून या माशावर अन्याय करतात असं माझं आता ठाम मत आहे. किसमूर म्हणजे सुकी सुंगटं आणि ओलं खोबरं, ते मी दोनदा मागितलं.

पण हुमण? ते मी चमच्याने नुसतंच प्यायला लागले, तशी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना राहवेना. त्यांनी स्वतःचा घास थांबवला.

‘शुगर काय बाय?’

‘बॉर्डरवर आहे.’

झालं. तोवर मी खाणावळीतली एक नखरेल मुंबईकरीण होते, आता घरची पेशंट झाले. आजोबांची पंधरा वर्षांपासूनची शुगर, त्यांच्या सुनेची, गल्ल्यावरच्या मालकांची, सगळ्यांची चौकशी झाली. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड सुचवून झाली. आणि शेवटी सर्वानुमते ठरलं की उकड्या तांदळाच्या भाताने काही होत नाही. वेटरने लगेच वाटीभर आणून ठेवलाच! उकडा झाला तरी भात तो भात, पण हे चार माणसं बघत असताना सांगायचं कसं? नवऱ्याने मुकाट्याने ती वाटी ओढून घेतली. त्या दिवशी तो दोन माणसांचा भात जेवला आणि संध्याकाळपर्यंत झोपला.

बिल मात्र पूर्ण थाळीचं. त्याबद्दल कुणाला कळवळा आला नाही.

म्हणून सल्ला असा की नुसतं ‘डाएट’ म्हणू नका, लोक हसतात आणि वाढतात. ‘शुगर’ म्हणा, मग लोक गंभीर होतात आणि तरीही वाढतात. त्यातल्या त्यात चिकन काफ्रेलच्या, म्हणजे हिरव्या मसाल्यातल्या चिकनच्या वाट्याला जा, त्यात भाताचा प्रश्नच येत नाही. फेणीत कार्ब्स नसतात, पण गोड सोड्याशिवाय ती देणारा बार मला सापडला नाही. साधा सोडा मागितला की बारवाला चेहऱ्याकडे बघतो.

आणि काजू! ‘सुकामेवा चालतो ना तुला’ म्हणत नणंदेने मडगावच्या बाजारात माझ्या हातात पुडा कोंबला. १०० ग्रॅम काजूत ३० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, अक्रोडाच्या दुपटीहून जास्त. हे मी तिला दुकानात, गाडीत आणि स्टेशनावर सांगितलं. तिने प्रत्येक वेळी ‘हो का?’ म्हणून आणखी चार काजू पुढे केले.