आबाजीच्या तिफणीचं चाडं अन् जुने पेटंट

गेले आठ-दहा दिवस रात्री लाईट गेली की मी मोबाईलवर जुने पेटंट वाचत बसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, अमेरिकेतले, सगळे फुकट वाचायला भेटतात. मला वाटलं होतं मोठमोठ्या मशिनी असतील, पण निघाले उंदराचे सापळे, दाढीचे रेझर, कपड्याची चेन, म्हणजे आपल्या घरातल्याच वस्तू.

उंदराचा खटक्याचा सापळा, लाकडाची पट्टी अन् स्प्रिंगवाला, त्याचं पेटंट विल्यम हूकर नावाच्या माणसाला १८९४ मध्ये भेटलं. जिलेटचं रेझर १९०४ चं. चेनचं १९१७ चं, गिडिऑन सुंडबॅक नावाच्या इंजिनिअरचं, अन् त्यानं तिला चेन किंवा झिप म्हटलंच नाही, 'वेगळं करता येणारं बंधन' असं काहीतरी साधं नाव दिलं, झिपर हे नाव नंतर एका रबराच्या बूटवाल्या कंपनीनं लोकप्रिय केलं.

मला सगळ्यात आवडली त्यांची लिहायची पद्धत. सुरुवात 'सर्व संबंधितांस कळावे' अशी, मग मी अमुक, राहणार तमुक गावचा, मी अमुक वस्तूत काही नवीन आणि उपयोगी सुधारणा शोधल्या आहेत. शोध लावला म्हणून छाती फुगवणं नाही, सुधारणा म्हणतात. मग चित्र, चित्रातल्या एकेका खिळ्याला नंबर, अन् कोणता भाग काय करतो ते इतकं नीट समजावून की गावातला सुतार वाचून करू शकेल. त्या बदल्यात १७ वर्षं हक्क त्याचा, नंतर ती वस्तू साऱ्या दुनियेची.

आपल्याकडेही पेटंटचा कायदा १८५६ पासून होता, १९११ मध्ये नवा आला, ऑफिस कलकत्त्याला. आता यवतमाळकडच्या खेड्यातला सुतार कलकत्त्याला कधी जाणार होता! म्हणून त्याची सुधारणा त्याच्या हातातच राहिली अन् हातासोबत गेली, याचं मला फार वाईट वाटते.

आमच्या कोठ्यात आबाजीच्या तिफणीचं, म्हणजे तीन ओळींत बी पेरायच्या अवजाराचं, चाडं अजून टांगलेलं आहे, बी टाकायचं लाकडी वाटीसारखं भांडं. पेरणीच्या दिवसात आजी चाड्यावर मूठ धरायची, मुठीतून बी सुटलं की तीन भोकांतून तीन नळ्यांत जायचं अन् जमिनीत तीन ओळींत पडायचं. परवा ते खाली काढलं, धूळ पुसली, बोट फिरवलं तर मधल्या भोकाची कड बाकी दोघांपेक्षा जराशी उचललेली लागली, जवारीच्या दाण्याएवढी. मला वाटलं लाकूड फुगलं असंल. बाबांना विचारलं.

"फुगलं नाही वं बाई, मुद्दाम ठेवली हाये. मधला नळा सरळ असते न, त्याच्यात बी जास्त पयते. आपल्या सुताराच्या ध्यानात आलं ते, त्यानं मंग कड वर केली."

"नाव काय होतं त्याचं?"

"आम्ही तं सुतारबुवाच म्हनो."

मी वहीचं मधलं पान फाडलं, चाड्याचं चित्र काढलं, वरून एक अन् बाजूनं एक, फुटपट्टीनं मापं घेतली अन् भागांना नंबर टाकले. तीन भोकं १, २, ३. उचललेल्या कडेला ४.