सात वाडे आणि एक आर्किटेक्ट

आज रात्री सिटाडेल्स हा पत्त्यांचा गेम खेळलो, चौघंच होतो, दादा वहिनी ताई आणि मी. हरले, आणि आता झोप येत नाहीये म्हणून लिहून काढतेय.

ब्रुनो फैदुतीचा हा गेम २००० सालचा आहे, आमच्याकडचा सेट जुना, त्यात ८ इमारती झाल्या की तो राऊंड शेवटचा. माझ्या ७ झाल्या होत्या, हातात विद्यापीठाचं कार्ड आणि समोर बरोब्बर ६ नाणी. विद्यापीठ बांधायला ६ लागतात पण शेवटी मोजताना त्याचे ८ पॉइंट धरतात, म्हणजे फक्त माझी टर्न यायची बाकी होती. दर राऊंडला प्रत्येकजण गुपचूप एका कॅरेक्टरचा पत्ता उचलतो आणि त्या कॅरेक्टरच्या नंबरप्रमाणे टर्न येते. मर्चंट आणि इमारती पाडणारा वॉरलॉर्ड सुरुवातीलाच उघडे पडले होते, म्हणजे या राऊंडला बाद, त्यामुळे कोणी काही पाडणार पण नव्हतं. माझ्याकडे पत्ते आले तेव्हा थीफ, बिशप आणि आर्किटेक्ट उरले होते. मी आर्किटेक्ट उचलला.

का? त्याला दोन पत्ते जास्त मिळतात, एका टर्नला तीन इमारती बांधता येतात. पण मला तर एकच बांधायची होती ना! एक तर कोणीही बांधू शकतो, थीफसुद्धा, आणि थीफचा नंबर २, ताईकडे किंग होता त्याचा ४, म्हणजे मी तिच्याआधी ८ पूर्ण करून पहिलेपणाचे ४ पॉइंट घेतले असते.

दादाकडे असॅसिन, तो ज्याला मारतो त्याची टर्न जाते. तो माणसाचं नाव घेत नाही, कॅरेक्टरचं घेतो, कोणाकडे काय आहे ते त्याला माहीतच नसतं. तो एकदा माझ्या ७ इमारतींकडे बघून म्हणाला, "आर्किटेक्ट." मग ताईने तिची आठवी बांधली आणि आर्किटेक्टचा ७ नंबर पुकारला तेव्हा मी गप्प बसून राहिले, कारण मारलेल्याने बोलायचं नसतं.

ताई ९ पॉइंटनी जिंकली. मी मघाशी परत बेरीज केली, बिशप घेतला असता तरी १ ने मी पुढे असते, अर्थात थीफने बिशपचं नाव घेऊन माझी नाणी नेली नसती तर. ते जास्त लागलंय.

आवरताना दादाला विचारलं, कसं ओळखलंस? तो म्हणाला, "अगं, नाणी साठली की तू दरवेळी तोच घेतेस." मी आधीचे सगळे राऊंड आठवून बघितले. खरंच दरवेळी तोच घेतला होता.